फुकटचा मुक्काम

"आई, आजचा मुक्काम फुकट बरं का!" पुढच्या सीटवरून लेक म्हणाली. मीही शेवटी मध्यमवर्गीयच, ऐकून बरे वाटले.

लेक-जावई पर्थला राहतात. सप्टेंबरात त्यांनी कॅराव्हॅन भाड्याने घेतली. कॅराव्हॅन म्हणजे गाडीमागे जोडलेली चाकांवरची खोली. आत पलंग, शेगडी, छोटे बेसिन सगळे. तिच्यासह आम्ही अ‍ॅडलेडच्या दिशेने निघालो. वाटेत नलारबोरचे पठार लागते. नाव लॅटिन शब्दांवरून आले आहे, अर्थ 'एकही झाड नाही'. सुमारे २ लाख चौरस किलोमीटरचा चुनखडीचा सपाट प्रदेश! आमचा रस्ता त्याच्या दक्षिण बाजूने जात होता, त्यामुळे झुडपे मात्र बरीच दिसत होती.

सकाळी बॅलाडोनिया सोडले. थोडे पुढे गेल्यावर फलक आला, इथून ९० मैल सरळ रस्ता. म्हणजे १४६.६ किलोमीटर, आणि एकही वळण नाही! फळ्यावर पट्टीने रेघ ओढावी तसा रस्ता. समोरून येणारा अनोळखी चालक स्टिअरिंगवरचे एक बोट उचलून आपल्याला नमस्कार करतो. दोन-तीन ट्रेलर जोडलेला लांबलचक ट्रक शेजारून गेला की आपली कॅराव्हॅन हलते. कायगुनाजवळ तर घड्याळ पाऊण तास पुढे करायला सांगणारा फलक आहे. अर्धा तास माहीत होता, पाऊण तासाचे गणित मी प्रथमच केले.

जिथे थांबू तिथे माझ्याच वयाची माणसे भेटत. निवृत्तीनंतर महिनोन् महिने कॅराव्हॅन घेऊन फिरणारी. त्यांना तिकडे 'ग्रे नोमॅड्स' म्हणतात, पिकल्या केसांचे भटके. मला आधी वाटले, बिचारी, मुले विचारत नसतील. एका आजींना आडून आडून विचारलेही. त्या खो खो हसल्या. म्हणाल्या, "मुलं विचारतात हो, पण आम्ही घरी सापडलो तर ना!"

संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून उन्हे उतरायच्या आत मदुरा ओलांडून एका मोकळ्या जागी थांबलो. फलकावर लिहिले होते, २४ तास राहता येईल. वीज नाही, पाणी नाही, भाडे नाही. आमच्याकडे पिशवीभर संत्री होती. फळमाशी पसरू नये म्हणून पुढे सेडुनाच्या नाक्यावर फळे काढून घेतात, तेव्हा ती संपवायलाच हवी होती. खुर्ची टाकून मी संत्री सोलत बसले आणि साली शेजारच्या झुडपाखाली टाकल्या.

थोड्या वेळाने त्या मघाच्याच आजी आल्या. त्यांची कॅराव्हॅनही तिथेच लागली होती. हातात पिशवी. वाकून एकेक साल उचलली आणि अगदी प्रेमाने म्हणाल्या, "इथे पाऊस फार कमी. ही साल कुजत नाही, वाळून पडून राहते. उद्या इथे दुसरं कोणी बसेल."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. आयुष्यभर मी नागरिकशास्त्र शिकवले. गडावर सहल नेली की मुलांना मीच सांगायची, "प्लॅस्टिक टाकू नका. साली टाका कडेला, त्यांचं खत होतं." कोकणातल्या पावसात होतही असेल. पण मी नियम पाठ केला होता, त्यामागचे कारण नाही.

रात्री जावयांनी समजावले. इथे खरकटे पाणीसुद्धा कुठेही ओतायचे नाही. संडासाची टाकी जपून न्यायची आणि ठरलेल्या जागीच रिकामी करायची. प्यायचे पाणी बरोबर आणायचे. जिथे लोक हे पाळत नाहीत, तिथे स्थानिक प्रशासन जागा बंद करते. कॅराव्हॅन पार्क चालवणाऱ्यांची तक्रार वेगळीच. आम्ही कर भरतो, सोयी पुरवतो आणि हे लोक फुकट राहतात! त्यांचेही खोटे नाही. तरी मला वाटते, अशा जागा राहाव्यात. ज्याला ऐपत नाही त्यालाही आपला देश पाहता यावा. मात्र मुक्कामाचे वाचलेले पैसे वाटेवरच्या गावात डिझेल-पावाला खर्च करावेत, आणि 'फुकट' हा शब्द तेवढा काढून टाकावा. भाडे असतेच, फक्त ते मागायला कोणी येत नाही.

आणि जागा 'मोकळी' तरी कुठे असते? या किनाऱ्यालगतची भूमी मर्निंग लोकांची. रस्त्याला नाव एडवर्ड जॉन एअरचे. १८४१ मध्ये त्याने हा प्रदेश पार केला, पण वाळूत पाणी कुठे खणावे हे त्याला इथल्या मूळच्या माणसांनी दाखवले होते. आपण नेहमी कोणाच्या तरी अंगणातच उतरलेलो असतो.

त्या रात्री, आपल्याकडे दक्षिणेला खाली दिसणारी वृश्चिक रास आकाशात खूप उंचावर होती. मी बराच वेळ बाहेर बसून होते.

सकाळी निघण्यापूर्वी सगळ्या जागेभोवती एक चक्कर मारली. बाटलीचे एक जुने झाकण सापडले. आमचे नव्हते. उचलून पिशवीत टाकले आणि गाडीत बसले.