बाजीगरला माफी, सोनियाला नाही

हिंदी पिक्चरात सूड म्हटला की हिरोला सगळं माफ असतं. ही माफी नक्की कुणाला मिळते, हे बघायचं असेल तर मंडळी, अब्बास-मस्तान या दिग्दर्शक भावांचे दोन पिक्चर एकाच वीकांताला लागोपाठ बघा. 'बाजीगर' (१९९३) आणि 'ऐतराज' (२००४).

'बाजीगर'ला तीस वर्षं उलटून गेली, तरी लोकांना शाहरुख आठवतो तो आईच्या मांडीवर मरताना. बरं, त्याआधी हा गृहस्थ काय काय करतो? लग्न नोंदवायच्या नावाखाली सीमाला रजिस्ट्रार ऑफिसच्या गच्चीवर नेऊन ढकलून देतो. तिच्या कॉलेजातल्या मित्राला मारून ती आत्महत्या होती असं भासवतो. मैत्रिणीने (आपली रेशम टिपणीस) ओळखलं, तर तिचा गळा दाबून सुटकेस समुद्रात. तीन खून, तिघंही निरपराध. ज्याने बापाची कंपनी लाटली तो मदन चोप्रा मात्र शेवटपर्यंत ठणठणीत! आणि तरी आपण रडतो ते अजयसाठी. सीमासाठी रडलेला माणूस मला अजून भेटायचाय.

गंमत पुढेच आहे. गोष्टीचा सांगाडा आयरा लेव्हिनच्या 'अ किस बिफोर डाइंग' या १९५३ सालच्या कादंबरीचा. तिथल्या पोराला कुणाचा सूडबीड घ्यायचा नाहीये. त्याला फक्त तांब्याच्या कंपनीच्या मालकाचा जावई व्हायचंय, बस्स. नुसता हपापलेला, थंड डोक्याचा खुनी. हिंदीत येताना त्याला मेलेला बाप, मेलेली तान्ही बहीण आणि भ्रमिष्ट आई मिळाली. आमच्या धंद्यात याला पॅच मारणे म्हणतात. आतला प्रोग्रॅम तोच, महत्त्वाकांक्षेचा. वरून सूडाचा पॅच मारला आणि हिरो टेस्टिंगमध्ये पास.

'ऐतराज'च्या सोनियाला असा पॅच कुणीच दिला नाही. तिला मूल नको, पैसा आणि खुर्ची हवी, म्हणून ती राजला सोडून म्हाताऱ्या रणजित रॉयशी लग्न करते. पुढे बॉस होऊन राजवर जबरदस्ती करते आणि नकार मिळाल्यावर त्याच्यावरच आळ घेते. हे वाईटच, त्यात वाद नाही. पण ती अशी का झाली, हे विचारायला पिक्चरकडे पाच मिनिटंही नाहीत. बाईला महत्त्वाकांक्षा आहे, एवढं कारण पुरतं! खून एकही नाही, तरी फिल्मफेअरने प्रियांकाला 'निगेटिव्ह रोल'चं बक्षीस दिलं. तीन निरपराध मारणाऱ्या शाहरुखला? सर्वोत्कृष्ट अभिनेता. आणि दोन्हीकडे इमारतीवरून खाली पडते ती बाईच. एकीत तिला ढकलतात, दुसरीत ती स्वतःच उडी मारते. असो.

"अरे पिक्चर आहे, एवढं काय मनावर घेतोस?" हे येणारच. घेतो, कारण तो पिक्चर अजून हापिसात चालू आहे. दरवर्षी लैंगिक छळाविषयीचं ट्रेनिंग होतं आणि दरवर्षी मागच्या रांगेतून कुणीतरी विचारतं, "आणि 'ऐतराज' झालं तर?" सगळे हसतात. 'बाजीगर' झालं तर, असं कुणी कधीच विचारत नाही. पेपरात दर आठवड्याला 'एकतर्फी प्रेमातून' कुणाचा तरी गळा चिरलेला असतो, तरीही नाही.

पुरुषांचा छळ होतच नाही असं मी म्हणत नाहीये. होतो, आणि २०१३ च्या कायद्यात त्यांना तक्रारीची सोय नाही, हा भांडण्यासारखा मुद्दा आहे. त्यावर भांडा ना! पण खोट्या तक्रारीचा बागुलबुवा कशाला? जाणूनबुजून खोटी तक्रार केली तर कारवाईची तरतूद त्याच कायद्याच्या कलम १४ मध्ये आहे. 'ऐतराज' आला तेव्हा तर १९९७ च्या विशाखा निकालातली मार्गदर्शक तत्त्वं तेवढी होती, कायदा यायला नऊ वर्षं होती. म्हणजे बाईने तक्रार कुठे करायची हे धड ठरायच्या आधीच ती खोटी कशी असते, हे आपण तिकीट काढून शिकून आलो.

आणि "प्रेक्षकांना असंच लागतं" हेही नको. १९८२ साली जब्बार पटेलांनी 'उंबरठा' केला, पटकथा तेंडुलकरांची. त्यातली सुलभा नवरा आणि लहान मुलगी घरी ठेवून महिलाश्रमाची अधीक्षक व्हायला जाते. स्मिता पाटीलने ती अशी केलीय की तिचा रागही येतो आणि पटतेही. हिंदीतही निघाला होता, 'सुबह' नावाने. सुलभाला कुणी गच्चीवर नेलं नाही.

गेल्या महिन्यात आमच्याकडे एक बाई डायरेक्टर झाली. चकाला ते अंधेरी, म्हणजे मेट्रोची फक्त दोन स्टेशनं. तेवढ्यात तिच्या बढतीमागची तीन कारणं मला ऐकवण्यात आली. तिचं काम त्यांत नव्हतं. त्याच आठवड्यात आमच्यातला एक जण जुन्या मॅनेजरला 'दाखवून द्यायचं' म्हणून समोरच्या कंपनीत दुप्पट पगारावर गेला. त्याला लोखंडवालात पार्टी दिली. रात्रभर सगळे त्याला 'बाजीगर' म्हणून हाका मारत होते.