रक्ताचा रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ आला, म्हणजे नशा केलीच नव्हती?

7 जुलै 2024 ची पहाट. वरळीत एका बीएमडब्ल्यू गाडीने स्कूटरवरून जाणाऱ्या दाम्पत्याला धडक दिली, त्यात पत्नीचा मृत्यू झाला. गाडी चालवणारा तरुण पसार झाला आणि 9 जुलैला विरारमध्ये पोलिसांच्या हाती लागला. आदल्या रात्री तो जुहूच्या बारमध्ये होता, असं तपासात समोर आलं. पण त्याच्या रक्ताच्या तपासणीत दारूचा अंश सापडला नाही.

अशा बातमीनंतर सोशल मीडियावर दोन प्रतिक्रिया हमखास येतात. एक म्हणजे ‘सेटिंग झाली’ आणि दुसरी म्हणजे ‘बघा, प्यायलाच नव्हता’. दोन्ही घाईच्या आहेत. निगेटिव्ह रिपोर्टचा अर्थ एवढाच की, रक्त काढलं त्या क्षणी, त्या बाटलीत, जो पदार्थ शोधला तो सापडला नाही. म्हणून रिपोर्ट वाचताना तीन प्रश्न विचारायला हवेत.

पहिला प्रश्न: रक्त कधी घेतलं?

साधारणपणे 100 मिलीलीटर रक्तातली दारू तासाला सुमारे 15 मिलीग्रॅमने कमी होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार मर्यादा 30 मिलीग्रॅम आहे. समजा, अपघाताच्या वेळी एखाद्याच्या रक्तात 150 मिलीग्रॅम दारू होती. आठ तासांनी उरतात 30. म्हणजे मर्यादेच्या पाचपट प्यायलेला माणूस कागदावर मर्यादेत बसतो. दोन दिवसांनी तर काहीच उरत नाही.

ड्रग्जचं गणित आणखी अवघड आहे. मुंबईत ‘एमडी’ किंवा ‘म्याव म्याव’ नावाने विकलं जाणारं मेफेड्रोन घ्या. फेब्रुवारी 2015 मध्ये ते एनडीपीएस कायद्याच्या कक्षेत आलं. रक्तातलं मेफेड्रोन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं, म्हणजे आठ तासांनी सोळावा हिस्साच उरतो. शिवाय हा पदार्थ बाटलीतही टिकत नाही. नमुना योग्य प्रकारे जपला नाही, थंड ठेवला नाही, तर लॅबमध्ये पोहोचेपर्यंत तो विघटित होत जातो. लघवीत अशा पदार्थांच्या खुणा रक्तापेक्षा जास्त काळ सापडतात. पण गाडी चालवताना अंमल होता का, हे लघवीवरून ठरवता येत नाही.

इथे कायद्यातली एक मेख लक्षात घ्या. कलम 202 नुसार अशा गुन्ह्यात अटक झाल्यावर दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते. हे दोन तास अटकेपासून मोजले जातात, अपघातापासून नाही. जो पळाला, त्याच्या रक्तातला पुरावा तोवर पुसला जात असतो.

दुसरा प्रश्न: तपासलं कशाने?

झटपट निकाल देणारी किट केवळ अंदाज देते. सारखी रचना असलेल्या औषधांनी ती फसू शकते. सर्दीच्या काही गोळ्यांमुळे अॅम्फेटामाइनची चाचणी चुकीने पॉझिटिव्ह येऊ शकते. भरपूर खसखस खाल्ल्यावर लघवीत खरोखरच मॉर्फिन सापडू शकतं, कारण खसखस हे अफूच्याच झाडाचं बी. म्हणून किट पॉझिटिव्ह आली तरी पक्की चाचणी लागतेच.

मुंबईतल्या अशा गुन्ह्यांचे नमुने सांताक्रूझ पूर्वेला, कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात. पक्क्या चाचणीचं तत्त्व जगभर एकच आहे: आधी पदार्थ वेगळे करा, मग त्यांचं वजन करा. त्यासाठी आधी रक्त यंत्रात वेगाने फिरवतात. तांबड्या पेशी खाली बसतात आणि वर पिवळसर प्लाझ्मा उरतो. त्यातली प्रथिनं काढून टाकतात.

मग वेगळं करण्याची पाळी. बहुतेक लॅबमध्ये यासाठी गॅस किंवा लिक्विड क्रोमॅटोग्राफी वापरतात. ‘कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस’ हा त्याहून वेगळा मार्ग. केसाइतक्या बारीक काचेच्या नळीत प्लाझ्माचा अतिसूक्ष्म अंश सोडून दोन टोकांना 20 ते 30 हजार व्होल्टचा दाब देतात. अंधेरीहून एकाच वेळी सुटलेल्या फास्ट आणि स्लो लोकल बोरिवलीला वेगवेगळ्या वेळी पोहोचतात, तसंच इथे होतं. ज्या रेणूवर विद्युतभार जास्त आणि आकार लहान, तो आधी पोहोचतो. शेवटी मास स्पेक्ट्रोमीटर प्रत्येक रेणूचं वस्तुमान मोजतो, त्याचे तुकडे करून तेही मोजतो. तुकड्यांचा हा नमुना बोटांच्या ठशासारखा काम करतो.

या पद्धतीची ताकद एका उदाहरणातून कळते. पार्किन्सन्सवरच्या सेलेजिलिन या गोळीपासून शरीरात मेथअॅम्फेटामाइनच तयार होतं, पण नशेसाठी विकल्या जाणाऱ्या रूपाचं ते आरशातलं प्रतिबिंब असतं. दोघांचं वजन तंतोतंत सारखं, त्यामुळे नुसतं वजन करून फरक कळत नाही. नळीत सायक्लोडेक्स्ट्रिन नावाची साखर मिसळली की दोन्ही रूपं वेगळी होतात. रुग्ण आणि नशा करणारा यांच्यातला फरक इथे ठरतो. मर्यादाही आहे: नळीत जाणारा नमुना इतका थोडा असतो की, अगदी कमी प्रमाणातलं ड्रग निसटू शकतं.

तिसरा प्रश्न: रक्त कुणाचं?

यंत्र कितीही अचूक असलं तरी बाटलीत जे आहे तेच ते मोजणार. 19 मे 2024 च्या पुण्यातल्या पोर्शे अपघातात दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. चालकाचं रक्त ससून रुग्णालयात सुमारे आठ तासांनी घेतलं गेलं आणि पोलिसांच्या आरोपानुसार ते बदललं गेलं. हे उघड झालं ते औंधला घेतलेल्या दुसऱ्या नमुन्याच्या डीएनए तपासणीमुळे. म्हणजे इथे प्रश्न तंत्रज्ञानाचा नव्हता, बाटलीवरच्या सीलचा आणि सहीचा होता.

आणि कायद्यात आकडा आहे का?

दारूसाठी आहे, ड्रग्जसाठी नाही. आपला कायदा म्हणतो की, गाडीवर नीट नियंत्रण ठेवता येणार नाही इतका ड्रगचा अंमल असावा. तो ‘इतका’ म्हणजे किती, हे वकिलांच्या युक्तिवादावर सोडलेलं आहे. इंग्लंड आणि वेल्सने मार्च 2015 पासून आकडेच ठरवून दिले. उदाहरणार्थ, एक लीटर रक्तात कोकेन 10 मायक्रोग्रॅम. आपल्याकडे लॅबने अचूक आकडा दिला, तरी तो कशाशी ताडून पाहायचा हा प्रश्न उरतोच.

म्हणून पुढच्या वेळी रिपोर्टची बातमी फॉरवर्ड करण्याआधी तिच्यात तीन गोष्टी शोधा: रक्त घेतल्याची वेळ, चाचणीचा प्रकार आणि नमुन्याची साखळी. आणि कधी तुमच्यावरच रक्त देण्याची वेळ आली, तर बाटली तुमच्यासमोर सील होऊ द्या, वेळ लिहून घ्यायला सांगा आणि चालू असलेल्या गोळ्यांची नोंद करायला लावा. निर्दोष माणसाला वाचवायला आणि दोषीला पकडायला हीच नोंद कामी येते.