कारागिराला तालीम, इमारतीला मजबुती

दुकान घ्यायचे ठरले की आपण व्यापारी काय काय पाहतो? रस्ता केवढा, शटर किती फुटांचे, मालाचा टेम्पो दारापर्यंत येतो की नाही. पागडी आणि डिपॉझिटची दहा जणांकडे चौकशी होते. पण इमारत कोणी आखली आणि तिची सळई कोणी बांधली, हे कोणी विचारत नाही. कापडाचा तागा घेताना आपण सूत बोटांनी चाचपून पाहतो. ज्या छताखाली लाखोंचा माल आणि आपली मुलेबाळे असतात, ते छत मात्र डोळे झाकून घेतो. ही गफलत महागात पडणारी आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आम्ही ऐन विशीत होतो. हादरे आमच्या सोलापूरलाही जाणवले. बाजारातून चादरींचे गठ्ठे ट्रकमध्ये भरून जे तिकडे गेले, त्यांत आम्हीही होतो. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ ते दहा हजार माणसे गेली. त्यातली बहुतेक स्वतःच्याच घराच्या भिंतींखाली दबली. दोन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, आत मातीचा गारा आणि डोक्यावर मातीचे जड माळवद. भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना बांधणारे लांब दगड घातलेले नव्हते. हादरा बसताच दोन्ही बाजू सुटल्या आणि माळवद खाली आले. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत, हा समज त्या पहाटे खोटा ठरला.

पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. त्याखेरीज हजारो कुटुंबांनी सरकारी मदतीने आपली जुनी घरे जागच्या जागी मजबूत केली. त्या कामात गवंड्यांना प्रशिक्षण मिळाले. भिंतीच्या दोन बाजू कशा जोडाव्यात, दारे-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा कसा फिरवावा, हे ते शिकले. अनुभवी कारागिराला नवी गोष्ट शिकवता येते, याचा हा आपल्याच भागातील दाखला आहे.

पण हा प्रश्न खेड्यातल्या दगडी घरांपुरता आहे, असे शहरातल्या बांधवांनी समजू नये. २६ जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपात, केंद्रापासून दोनशे किलोमीटरपेक्षा दूर असलेल्या अहमदाबादेत सिमेंट-काँक्रीटच्या अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांपैकी कित्येकांचा तळमजला मोटारींसाठी मोकळा सोडलेला होता. वरच्या मजल्यांना विटांच्या भिंतींचा आधार आणि खाली नुसते खांब. मग हादऱ्याचा सारा जोर खालच्या खांबांवर येतो. २००२ च्या भारतीय मानकात अशा मोकळ्या मजल्याचे खांब अडीच पट जोर धरून आखावेत, असे सांगितले होते.

आता आपले बाजार डोळ्यांपुढे आणा. खाली शटरची दुकाने, वर बिऱ्हाडे, मधल्या भिंती काढून केलेले गोदाम, पोटमाळ्यावर छतापर्यंत रचलेल्या गाठी. अहमदाबादच्या इमारतींहून हे फार वेगळे आहे काय?

आम्ही स्वतः यात दोषी आहोत. काही वर्षांपूर्वी दुकान रुंद करण्यासाठी आम्ही दोन भिंती पाडायला निघालो. कामावरचे बुजुर्ग मिस्त्री किल्लारीकडे काम करून आलेले होते. ते म्हणाले, "सेठ, आधी इंजिनिअरला दाखवा. वरचे दोन मजले कशावर उभे आहेत ते बघा, मगच मी हातोडा उचलतो." आम्हाला ती नसती भीती वाटली. आम्ही म्हणालो, "चाचा, दिवाळीच्या आत दुकान उघडायचे आहे." त्यांनी काम सोडले, आम्ही दुसरा माणूस आणला. पुढे तुळईला तडा गेला, तेव्हा इंजिनिअर बोलवावाच लागला. खांबांना बाहेरून सळई आणि काँक्रीट चढवण्यात शटरच्या खर्चाच्या कितीतरी पट रक्कम गेली. चाचांचे ज्ञान आम्हाला फुकट मिळत होते, ते आम्ही नाकारले.

कोणी म्हणेल, आमचा मिस्त्री वीस वर्षांचा उस्ताद आहे, त्याला काय शिकवणार? त्याच्या हुनराबद्दल आम्हाला आदरच आहे. पण हातमागावरचा उस्ताद विणकरही यंत्रमागापुढे बसला तेव्हा नव्याने शिकलाच की! एकच उदाहरण घ्या. खांबाच्या सळयांभोवती जी रिंग बांधतात, तिची टोके काटकोनात वळवली तर मोठ्या हादऱ्यात ती उघडते आणि खांब फुटतो. तीच टोके १३५ अंशांत वळवून आतल्या काँक्रीटमध्ये शिरवली तर रिंग पकड सोडत नाही. दर टोकाला लोखंड लागते दोन-तीन इंच जास्त. मानकात ही गोष्ट १९९३ पासून लिहिलेली आहे. पण मानक इंजिनिअरच्या कपाटात राहते आणि रिंग वळवतो आपला सळई बांधणारा मुलगा. त्याला हे सांगितले कोणी?

इंजिनिअरांचीही सर्वांची तयारी सारखी नसते. कच्छनंतर, २००३ मध्ये, अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या शिक्षकांना भूकंपाचा विषय शिकवण्यासाठी आयआयटींच्या साहाय्याने राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. म्हणजे त्याआधी शिकलेल्या कित्येकांना हा विषय पुरेसा शिकवलाच गेला नव्हता. म्हणून नकाशा मंजूर करून घेताना, "भूकंपाचा आणि वाऱ्याचा हिशेब केला आहे का?" हे विचारणे हा गिऱ्हाईक म्हणून आपला हक्क आहे.

आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, बाजारातील संघटनांनी ठरवावे की इंजिनिअरच्या लेखी सल्ल्याशिवाय कोणी भिंत वा खांबाला हात लावणार नाही. दुसरी, शाळांचे वर्ग सुट्टीच्या दिवशी गवंडी, सेंटरिंगवाले आणि सळई बांधणाऱ्यांसाठी उघडावेत. जवळच्या पॉलिटेक्निकच्या शिक्षकांना बोलवावे आणि कारागिरांना त्या दिवसाची मजुरी द्यावी. रोजंदारीवरचा माणूस रोज बुडवून शिकायला येणार नाही. तिसरी, आपल्या मुलांना आयटीआय आणि पॉलिटेक्निककडे वळवावे. आम्ही उर्दू माध्यमात शिकलो. इंग्रजी शब्दांच्या धास्तीने आमच्या वर्गातील कितीतरी हुशार मुले या वाटेला गेली नाहीत. नकाशा तर रेषांत असतो, त्यातले शब्द महिन्याभरात अंगवळणी पडतात.

पहिल्या वर्गाला येणाऱ्या वीस कारागिरांची एका दिवसाची मजुरी द्यायला आम्ही तयार आहोत, असे आम्ही आमच्या बाजारात सांगितले आहे. वाचक व्यापारी बांधवांनी आपापल्या गावी एवढे तरी करावे. आणि मिस्त्री "थांबा" म्हणाला, तर आमच्यासारखी घाई करू नये.