नाव जुळत नाही, म्हणून उपचार थांबला

गेल्या वर्षी माझ्या खालाची अँजिओप्लास्टी ठरली होती. रुग्णालयातल्या योजनेच्या खिडकीवर कागद दिले आणि दहा मिनिटांत परतही आले. 'नाव जुळत नाही.' आधारवर नावापुढे 'बी', रेशन कार्डावर 'बेगम'. त्यात शेखचं इंग्रजी स्पेलिंग एकीकडे 'ए'नं, दुसरीकडे 'ई'नं. बारा दिवस खालू सेतू केंद्र आणि रुग्णालय यांच्यात हेलपाटे घालत होते, आणि खाला जिना चढायलाही घाबरत होती.

मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. ई-संजीवनीमुळे गावातल्या आरोग्य केंद्रातून दूरच्या डॉक्टरशी व्हिडिओवर बोलता येतं. आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर 2021 मध्ये देशभर सुरू झालं. त्यातला 14 आकडी 'आभा' क्रमांक असला की जुने रिपोर्ट पिशवीतून वागवावे लागत नाहीत. खालाची पिशवी मी उचललीय, तिचं वजन मला माहीत आहे.

पण या सगळ्याच्या मुळाशी नाव आहे, आणि आपल्याकडची नावं उर्दूतून मराठीत, मराठीतून इंग्रजीत जाताना बदलतात. लग्नानंतर बायकांची तर आणखीच. ही चूक खालाची नाही, लिहून घेणाऱ्याची. मग भुर्दंड तिला का? फोटो आणि बोटांचे ठसे जुळत असतील तर आधी उपचार, मग स्पेलिंग, असा निर्णय घेण्याचा अधिकार खिडकीवरच्या माणसाला हवा. कोविनच्या वेळी हे झालंच होतं. 2021 मध्ये 18 ते 44 वयोगटाला आधी ऑनलाइन नोंदणीची सक्ती होती. लोक अडले, तेव्हा केंद्रावर थेट नोंदणी सुरू करावी लागली. आमच्या मोहल्ल्यात तोवर पोरं मशिदीच्या ओट्यावर मोबाईल घेऊन बसायची.

आणखी एक. 'आभा' ऐच्छिक आहे, आणि तुमची माहिती कुणाला दाखवायची ते तुमच्या संमतीवर ठरतं. कागदावर. खाला मात्र समोरच्यानं मागितला की ओटीपी सांगून मोकळी होते. बायकांच्या फाइलमध्ये काय काय असतं, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. मीसुद्धा नाही, तिचं कार्ड काढताना ओटीपी मीच टाकला होता, न विचारता.

या रविवारी अम्मी-अब्बूंचं आधार आणि रेशन कार्ड शेजारी ठेवून पाहा. आमच्या घरातल्या सहापैकी चौघांची नावं जुळत नव्हती.