कॉइल बदलण्यापूर्वीं

पावसानें उघडीप दिली कीं बागेंतील गवत कापण्याची घाई होते, आणि नेमकें तेव्हांच कापणीयंत्राचें लहान पेट्रोल इंजिन सुरू होत नाहीं. ठिणगी पडत नाहीं असें दिसतांच नवी कॉइल घातली जाते. आमच्या मतें हा खर्च पुष्कळदां निष्कारण होय.

फ्लायव्हीलवरील लोहचुंबक व कॉइलचे पाय यांमध्यें अनेक इंजिनांत सुमारें ०.२५ ते ०.३५ मिलिमीटर अंतर लागतें. नेमका आंकडा माहितीपुस्तिकेंत पाहावा. अंतर वाढल्यास ठिणगी क्षीण होते, फार घटल्यास चाक कॉइलला घासतें.

प्रथम प्लगची तार काढावी. चुंबक व पाय यांवरील गंज बारीक काचकागदानें घालवावा. चुंबक कॉइलसमोर आणून मध्यें योग्य जाडीचें कार्ड ठेवावें व कॉइलचे स्क्रू सैल करावे. चुंबक तिला आपणच ओढून घेतो. मग स्क्रू आवळून, चाक हातानें फिरवून कार्ड काढावें. इंजिन बंद करण्याच्या कळीची तारहि तपासावी. इतकें करूनहि ठिणगी न पडल्यास, व प्लग चांगला असल्यास, कॉइल अवश्य बदलावी.

पाभरीच्या फणांतील अंतर जो पिकाप्रमाणें बेततो, त्या शेतकऱ्यास हें अंतर साधणें कठीण नाहीं. हंगामापूर्वींच बंधूंनीं तें स्वहस्तें तपासावें, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.