‘दिले’ म्हणजे काय दिले?

मराठीतला ‘देणे’ हा शब्द मोठा दुतोंडी आहे. क्रियापद म्हणून आला की हातातले सुटते. नाम म्हणून आला की डोक्यावर बसते. भाचीला आपण खण-नारळ देतो आणि वाण्याचे देणे लागतो. बाहेरच्या व्यवहारात ह्याने कोणाचे अडत नाही, कारण वाण्याकडे वही असते. घरात मात्र बाप मुलाला पैसे ‘देतो’, आणि ते कुठल्या अर्थी, हे दोघांपैकी एकालाही विचारावेसे वाटत नाही. तो प्रश्न बापाच्या पश्चात तिसराच कोणी विचारतो. बहुधा धाकटा भाऊ. नाव मात्र त्याच्या बायकोचे निघते.

मराठी शिकवणाऱ्याकडे लोक लग्नपत्रिका, मानपत्रे, सोसायटीच्या नोटिसा तपासून घ्यायला आणतात. मध्यंतरी शेजारचे एक निवृत्त गृहस्थ मृत्युपत्राचा मसुदा घेऊन आले. ‘माझ्या स्वकष्टार्जित मालमत्तेचे तिन्ही मुलांना समान भाग द्यावेत.’ वाक्य निर्दोष होते. चहा घेताना ते सहज म्हणाले, “थोरल्याला ब्लॉकसाठी बारा लाख दिलेत, ते त्याच्या भागातून जातीलच.”

“पण काका, हे लिहिलंय कुठे?”

“लिहायचं काय त्यात? घरात सगळ्यांना ठाऊक आहे.”

घरात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट कायद्याला ठाऊक नसते, वाचकहो. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमातले कलम १७९ पाहा. तिथे उदाहरणच बापलेकाचे आहे. बापाने मृत्युपत्रात मुलाला वीस हजार ठेवले आणि पुढे हयातीतच वीस हजार त्याच्या हाती दिले, तरी मृत्युपत्रातले वीस हजार शाबूत राहतात. म्हणजे दिलेले बक्षीस आपोआप वजा होत नाही. कर्जाची गोष्ट निराळी. ते बापाचे येणे असते आणि त्याच्या मागे मालमत्तेत धरले जाते. पण ते कर्जच होते हे दाखवायचे कोणी आणि कशावरून? काकांच्या डायरीत नोंद होती : ‘थोरल्यास दिले १२,००,०००’. पुन्हा तेच दुतोंडी क्रियापद!

शिवाय १९६३ चा मुदतीचा कायदा आहे. परतफेडीची तारीख न ठरवता दिलेल्या कर्जाचा दावा सामान्यतः तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. त्या अवधीत मुलाने सहीनिशी लेखी कबुली दिली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पण दर तीन वर्षांनी मुलापुढे कागद सरकवणारा बाप मी तरी पाहिलेला नाही. मात्र वसुलीची मुदत टळली म्हणून मृत्युपत्राचे हात बांधले जात नाहीत. आपल्या मालमत्तेचे भाग कसे पाडावेत हे ठरवणे बापाच्या हाती असते. अमुक रक्कम थोरल्याच्या भागात धरावी, असे तो खुशाल लिहू शकतो.

आता हिशेब. काकांच्या मागे साठ लाख उरतील असे धरू. काहीच न लिहिले आणि बारा लाख बक्षीस ठरले, तर प्रत्येकाला वीस. थोरल्याचे एकूण बत्तीस. काकांच्या मनातला हिशेब असा की, थोरल्याच्या विसांतून बारा काढून ते धाकट्या दोघांत वाटावेत. मग थोरल्याच्या हाती आठ, आधीचे धरून वीस. आणि धाकट्यांना सव्वीस-सव्वीस! ही समान वाटणी नव्हे, हा दंड झाला. बारा लाख आधी साठात मिळवायचे. बहात्तरांचे तीन भाग चोवीस-चोवीसचे. थोरल्याचे बारा पोचलेले, त्याला आणखी बारा. इतरांना पुरे चोवीस. कागद-पेन्सिल घेऊन आम्ही हे तीनदा केले, तेव्हा काकांची खात्री पटली.

गोव्यात ही जमेस धरण्याची रीत कायद्यातच मुरलेली आहे. पोर्तुगीज काळापासून तिथे मुलांना हयातीत दिलेले दान वाटणीच्या वेळी हिशेबात घेतात, आणि मुले असतील तर आईबापांना मृत्युपत्राने निम्म्याच मालमत्तेची विल्हेवाट लावता येते. आपल्याकडे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात असे कलम नाही. म्हणून जे हवे ते आपणच लिहायचे.

नव्या मसुद्यात काकांनी ‘दिले’ खोडून ‘बिनव्याजी कर्जाऊ दिले’ असे घातले, आणि ‘माझ्या मृत्यूच्या दिवशी जी बाकी असेल ती’ हे शब्दही. ते फार उपयोगी, कारण थोरल्याने निम्मे फेडले तर कागद बदलावा लागत नाही. फक्त खाली एक ओळ वाढली होती : ‘मुलीच्या लग्नाचे चार लाख तिच्या भागात धरावेत.’

“आणि धाकट्याच्या इंजिनिअरिंगची फी?” मी विचारले.

“ते शिक्षण! ते कर्तव्यच होतं माझं.”

“आणि लग्न?”

काका बराच वेळ गप्प होते. मग माझ्याच टेबलावरचे पेन घेऊन त्यांनी ती ओळ खोडली. दोन साक्षीदारांसमोर सही मात्र त्यांनी पुढच्या आठवड्यात केली. आधी थोरल्याला बोलावून त्याला सारा मसुदा वाचून दाखवायचा होता.