एका बरणींत दोन सर्प

पावसाळा लागला कीं सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेल्या आपल्या तळोद्यांत घराघरांतून सर्प निघूं लागतात. पूर्वीं त्यांवर काठीच पडे. आतां त्यांस जिवंत धरून रानांत सोडण्याची चाल पडत आहे, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु या दयाबुद्धीच्या पोटीं एक नवा अविचार जन्मास आला आहे. उत्साही तरुण धरलेले दोन-तीन सर्प एकाच बरणींत अगर पोत्यांत कोंबतात, आणि एकमेकांच्या सोबतीनें राहतील असें समाधान मानतात. आमच्या मतें हें समाधान सर्वस्वी खोटें आहे.

मण्यार या अतिविषारी सर्पाच्या आहारांत इतर सर्पांचा वांटा मोठा असतो. नागहि प्रसंगीं दुसऱ्या सर्पास गिळतो. घरांच्या भिंतींवर पाली शोधीत फिरणारा निरुपद्रवी कवड्या दिसण्यांत मण्यारीसारखाच असल्यामुळें नवशिका माणूस दोघांस एकाच जातीचे समजतो व एकत्र ठेवतो. सकाळीं बरणींत एकच सर्प दिसला, तर दुसरा निसटला असें समजून घरभर शोध चालतो!

बरें, दोन्ही सर्प खरोखरच एका जातीचे असले तर? तरीहि गोष्ट सुखाची नाहीं. सर्पाच्या अंगीं स्वतःची ऊब नसते. ती त्यास बाहेरून घ्यावी लागते. पेटींतील उबदार जागा एकच असली तर बलवान तेथें बसतो, आणि दुर्बळ थंडींत राहून अन्न टाकतो. दोघे एकमेकांवर पडून असले कीं आपणांस प्रेम वाटतें. खरें पाहतां ती बहुधा जागेची ओढाताण असते. एकच उंदीर दोघांनीं दोन टोकांनीं धरला, तर मोठा सर्प उंदरासह धाकट्यासहि गिळूं शकतो. एकाच्या अंगावरील रक्तपिपासू किडे दुसऱ्यास लागतात, आणि अन्न ओकलें कोणीं हेंहि कळत नाहीं. शहरांत कोणी आफ्रिकेंतील बॉल पायथॉन पाळतात, त्यांसहि हेंच लागू आहे.

आपल्या डोळ्यांची ही फसगत जुनीच आहे. दोन धामणी वेटाळून उभ्या राहिल्या कीं तें मीलन समजून लोक त्यांवर वस्त्र टाकावयास धांवतात. वस्तुतः तें बहुधा दोन नरांचें मल्लयुद्ध असतें.

नोहाच्या तारवांत सर्व प्राणी एकत्र नव्हते काय, असें कोणी चौकस विद्यार्थी विचारील. त्यानें उत्पत्तीचा सहावा अध्याय पुन्हां वाचावा. तारवांत कोठड्या करण्याची आज्ञा तेथें स्पष्ट आहे. कॅनडांतील नार्सिस येथें हजारों गार्टर सर्प हिवाळा एकत्र काढतात हें खरें; पण तें हिमापासून जीव वांचविण्यासाठीं. त्या काळांत ते कांहीं खात नाहींत, व वसंतांत पांगतात.

पालकांस यांत विशेष भय आहे. एक सर्प बाहेर काढतांना दुसऱ्याचें तोंड कोठें आहे हें दिसत नाहीं, आणि बरणी बहुधा मुलांच्या हातीं लागेल अशा ठिकाणींच ठेवलेली असते. नाग, धामण आदि सर्प धरून घरीं ठेवण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मनाईहि आहे. घरांत सर्प निघाल्यास वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावें. आणि येणाऱ्या मनुष्यानें प्रत्येक सर्पासाठीं स्वतंत्र पिशवी आणली आहे कीं नाहीं, हें विचारण्यास मुळींच संकोच करूं नये.